भर समुद्रात जहाजाला आग लागली तर विझवायला कोण येतं? दुसऱ्या देशाची फायर ब्रिगेड येते का?

सुप्रिया_गुहागर
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कार कॅरियरवर थर्ड ऑफिसर आहे, सध्या युरोपातनं गाड्या भरून आशियाकडे निघालाय. २०२५ च्या जूनमध्ये ते वान हाय ५०३ नावाचं कंटेनर जहाज केरळसमोर पेटलं तेव्हा टीव्हीवर धुराचे लोट बघून आईने जो धसका घेतलाय तो अजून गेलेला नाही, त्यात ते जहाज कोलंबोहून आपल्याच न्हावा शेवाला येत होतं आणि २२ पैकी चार जण सापडलेच नाहीत. आता भाऊ गाड्यांच्या जहाजावर आहे म्हटल्यावर कुणीतरी तिला नेदरलँड्सजवळ २०२३ साली जळालेल्या फ्रीमँटल हायवेचा व्हिडिओ पाठवला, त्यावरचे बहुतेक जण भारतीय होते, काहींनी वरून थेट समुद्रात उड्या मारल्या, एक जण गेला. तेव्हापासून आई रोज तेच विचारते की गावात आग लागली तर बंब येतो, तिथे कोण येतं गं?
मला खरंच उत्तर देता येत नाही. भावाला विचारलं तर तो "काही होत नाही ताई" म्हणून विषय बदलतो. जहाज एका देशाचं, माणसं दुसऱ्या देशाची, समुद्र तिसऱ्याचा, मग जबाबदारी कुणाची? आग विझवायला माणसं जहाजावर चढतात की लांबून फक्त पाणी मारतात? आणि आपल्या अरबी समुद्रात अशी काही व्यवस्था आहे का? कृपया ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनीच लिहा, धीर देण्यापुरतं नको.

दर्यावर्दी
सुप्रिया, मी चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. तू खरं विचारलंयस म्हणून खरंच सांगतो. पहिली फायर ब्रिगेड म्हणजे तुझा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे वीस-बावीस जण. बोटीवर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाला आग विझवण्याचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं, ऑफिसरना त्याच्या वरचा ॲडव्हान्स्ड कोर्सही असतो, आणि बोटीवर ड्रिल सतत चालू असतात. अलार्म वाजला की मस्टर, म्हणजे सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचं, डोकी मोजायची, दोघं-दोघं बीए सेट (पाठीवरचा श्वासाच्या हवेचा सिलिंडर) लावून आत, बाकीचे बाहेरून शेजारच्या भिंतींवर पाणी मारून पोलाद थंड ठेवणार म्हणजे आग पुढच्या कप्प्यात जाऊ नये. पण बीए सेटची हवा अंगमेहनतीत अर्ध्या तासाच्या आसपास संपते, आणि कार कॅरियरवर गाड्या इतक्या खेटून उभ्या असतात की पूर्ण पोशाख घातलेला माणूस होज ओढत मधून जाणं जवळपास अशक्य. म्हणून तिथे खरं हत्यार म्हणजे सीओटू, कार्बन डायऑक्साइड गॅस. सगळी दारं, डॅम्पर म्हणजे हवेच्या वाटांची झापडं, बंद करायची, सगळी माणसं बाहेर आली याची खात्री करायची आणि गॅस सोडायचा, कारण तो आगीचा जसा श्वास कोंडतो तसाच माणसाचाही. इथे वेळ गेला की संपलं, उशीर झाला तर पोलाद तापून गॅस पुरत नाही, आणि सोडल्यावर "बघू विझली का" म्हणून कुणी दार उघडलं की हवा आत जाऊन परत भडका.

आता बाहेरची मदत. डिस्ट्रेस, म्हणजे संकटाचा संदेश, गेला की त्या भागाच्या रेस्क्यू सेंटरकडे पोचतो, १९७९ च्या शोध-बचाव करारानुसार जगातले सगळे समुद्र देशादेशांत वाटून दिलेत. मग ते सेंटर सगळ्यात जवळचं जे काही तरंगतंय त्याला वळवतं, आणि त्या कॅप्टनला जावंच लागतं, झेंडा कुठलाही असो. २०१८ च्या मार्चमध्ये माएर्स्क होनम अरबी समुद्रात पेटलं तेव्हा २७ पैकी २३ जणांना एएलएस सेरेस नावाच्या दुसऱ्या कंटेनर जहाजानेच उचललं. उचललेल्यांतला एक नंतर गेला, एकूण पाच जण गेले.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि ती फार महत्त्वाची आहे. दुसऱ्याला जे बंधन आहे ते माणसं वाचवण्याचं. जळणारं जहाज विझवण्याचं बंधन शेजारून जाणाऱ्या कुणावरही नाही, तो सॅल्व्हेजचा, म्हणजे संकटातलं जहाज आणि माल पैसे घेऊन वाचवण्याचा, व्यवहार होतो, मालक, विमा कंपनी आणि सॅल्व्हर यांच्यातला करार. तो करार होईपर्यंत आग थांबत नाही. किनाऱ्यावरच्या देशांनी स्वतःहून पथकं उभी केली ती याच मधल्या वेळासाठी.

रॉटरडॅमचा_मंदार
काकांनी जिथे सोडलं तिथून पुढे घेतो. मी इथे बंदराशी संबंधित कामात आहे. उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये अशी पथकं आहेत ताई, त्यांना एमआयआरजी म्हणतात, मेरिटाइम इन्सिडेंट रिस्पॉन्स ग्रुप. हे शहरातल्या फायर ब्रिगेडचेच जवान, रोज घरांच्या आगी विझवणारे, पण त्यातले निवडक लोक वर्षभर वेगळं ट्रेनिंग घेतात, म्हणजे हेलिकॉप्टरमधून दोरावरून हलत्या डेकवर उतरणं, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर उलट्या केबिनमधून बाहेर येणं, जहाजाची रचना, स्टॅबिलिटी, सगळं. अलार्म आला की छोटं पथक बीए सेट, थर्मल कॅमेरा आणि बॅगा घेऊन निघतं.

हे उगीच नाही झालं. ७ एप्रिल १९९० ला स्कँडिनेव्हियन स्टार नावाची फेरी ऑस्लोहून डेन्मार्कला जाताना पेटली, १५९ माणसं गेली. जहाजावरच्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, आणि आत जाऊन आग विझवायला गेले ते स्वीडनचे अग्निशामक, हेलिकॉप्टरने. नंतर जहाज ओढून स्वीडनमधल्या लिसेकिलला नेलं. मग १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पल्लास नावाचं लाकूड वाहणारं जहाज डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पेटलं आणि जळत जळत वाहत जर्मनीच्या हद्दीत आलं, शेवटी अमरुम बेटाजवळ रुतलं. डेन्मार्कच्या पाण्यात असताना कुणी काय करायचं, जर्मनीच्या पाण्यात आल्यावर कुणी, यात दिवस गेले, तेल सांडलं, हजारो समुद्रपक्षी मेले. जर्मनीत त्यावर इतका गदारोळ झाला की १ जानेवारी २००३ पासून कुक्सहाफेनला एकच कमांड सुरू झाली, मोठा अपघात झाला की केंद्र आणि किनारी राज्यं दोघांच्या वतीने निर्णय एकाच माणसाकडे. मला विचाराल तर पंप, बोटी, हेलिकॉप्टर या सगळ्यापेक्षा ही गोष्ट मोठी, कारण आग लागल्यावर अधिकार कुणाचा हे ठरवत बसायला वेळच नसतो.

सीमेपलीकडे जायचं तर आधी कागद लागतात. नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी २०१४ पासून दोन-तीन वर्षं एकत्र बसून एकसारखी कार्यपद्धती, एकसारखं ट्रेनिंग तयार केलं, म्हणजे डच जवान फ्रेंच हद्दीत उतरला तरी हातवारे, क्रम, रेडिओवरचे शब्द तेच. त्याच काळात बाल्टिकमध्ये फिनलंडच्या पुढाकाराने तसंच काम झालं. पगार कोण देणार, जवान जखमी झाला तर विमा कुणाचा, हे सगळं आग लागायच्या आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. ब्रिटनने तर २००६ मध्येच पूर्ण किनाऱ्यासाठी अशी पथकं बांधली होती, काही वर्षांनी वरून येणारा पैसा थांबला. जहाजाची मोठी आग रोज लागत नाही, त्यामुळे बजेटवर कात्री चालवताना पहिला बळी हाच, मला याचा फार राग येतो.

फ्रीमँटल हायवेबद्दल. २५ जुलै २०२३ च्या रात्री आमेलँड बेटाच्या उत्तरेला ते पेटलं, जर्मनीच्या ब्रेमरहाफेनहून इजिप्तकडे निघालं होतं. आग इतक्या झपाट्याने पसरली की माणसं उतरवणं हेच काम उरलं, उडी मारलेल्यांना आमेलँडच्या लाइफबोटीने उचललं, ही लाइफबोट संस्था स्वयंसेवकांवर चालते. नंतरचे दिवस बाहेरून पोलादावर पाणी मारत राहिले, आत भरमसाट पाणी मुद्दाम टाकलं नाही, कारण जहाज कललं किंवा बुडालं तर तिथला किनाऱ्यालगतचा उथळ वाडेन समुद्र संपला असता. शेवटी ३ ऑगस्टला एमशाफेनला आणलं. आईंना एक सांगा, तेव्हा सगळीकडे इलेक्ट्रिक गाड्यांचा बोभाटा झाला होता, पण बंदरात आणल्यावर खालच्या चार डेकवरच्या सुमारे हजार गाड्या शाबूत सापडल्या आणि त्यात जवळपास पाचशे इलेक्ट्रिक होत्या.

सुप्रिया_गुहागर
मंदारदादा, दर्यावर्दी काका, खूप आभार, एवढं कुणीच नीट सांगितलं नव्हतं. दोन शंका. ते पथक उतरल्यावर हुकूम कुणाचा, त्यांच्या प्रमुखाचा की कॅप्टनचा? आणि परक्या जहाजावर त्यांचे पाइप तरी बसतात का? आमच्याकडे शेजारच्या तालुक्याच्या बंबाचा पाइप बसत नाही म्हणून खोळंबा झालेला मी बघितलाय. शिवाय अरबी समुद्राचं अजून कुणी बोललं नाही.

दर्यावर्दी
पाइपाचं बरं विचारलंस. प्रत्येक मोठ्या जहाजावर, ५०० टनाच्या वरच्या, इंटरनॅशनल शोअर कनेक्शन नावाची एक पोलादी चकती असते. बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, चार बोल्ट, बोल्ट १६ मिलिमीटरचे, जगभर हेच माप. एक बाजू या चकतीला जुळते, दुसरी बाजू जहाजाच्या स्वतःच्या हायड्रंटला. म्हणजे मुंबई असो, हॅम्बर्ग असो, बाहेरच्या पंपाचं पाणी जहाजाच्या लायनीत घेता येतं. तसंच फायर प्लॅन, म्हणजे कुठला कप्पा कुठे, कुठला पंप कुठे याचा नकाशा, केबिनच्या बाहेर लाल खूण असलेल्या नळकांड्यात ठेवतात, बाहेरून येणाऱ्या अग्निशामकाला आत न जाता हातात मिळावा म्हणून. आणि हुकूम कॅप्टनचाच. पथकाचा प्रमुख त्याला सल्ला देतो, आत काय दिसलं ते सांगतो, पण सीओटू सोडायचा का, जहाज सोडायचं का, हे कॅप्टन ठरवतो, कारण जहाज उभं राहील की आडवं होईल ते त्यालाच कळतं.

माजी_तटरक्षक
अरबी समुद्राचं मी सांगतो. तटरक्षक दलात होतो, खाली लिहितोय त्या मोहिमांत मी स्वतः नव्हतो, पण काम माहीत आहे.
आपल्याकडे युरोपसारखं शहरातल्या अग्निशामकांचं उडतं पथक नाही. आपल्याकडे येतात ते तटरक्षक दल आणि नौदल, आणि ते हद्द बघत बसत नाहीत हे अभिमानाने सांगतो. ३ सप्टेंबर २०२० ला न्यू डायमंड नावाचा टँकर कुवेतचं २ लाख ७० हजार टन कच्चं तेल घेऊन आपल्या पारादीपला येताना श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पेटला. श्रीलंकेने मदत मागितली, आपली शौर्य, सारंग, समुद्र पहरेदार ही जहाजं गेली, नौदलाचं सह्याद्री गेलं, श्रीलंकेचं नौदल आणि हवाई दल होतंच. विझली असं वाटल्यावर पुन्हा भडकली, परत फोम आणि पाणी. एक फिलिपिनो कर्मचारी सुरुवातीच्या स्फोटात गेला, पण तेलाच्या टाक्या वाचल्या. त्या टाक्या फुटल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.
नौदलाचं जहाजावर चढून विझवण्याचं काम तर आणखी पुढचं. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा टँकरवर एडनच्या आखातात येमेनच्या हूती बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं, आत नाफ्था म्हणजे पेट्रोलसारखं ज्वालाग्राही तेल, २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमने दहा जणांचं पथक फोम आणि साहित्य घेऊन त्या जहाजावर उतरवलं, अमेरिकेची आणि फ्रान्सची युद्धनौकाही मदतीला होती, सहा तास लागले. २०२५ च्या जूनअखेर ओमानच्या आखातात यी चेंग ६ च्या इंजिनरूमला आग लागली, झेंडा पलाऊचा, कर्मचारी १४ जण सगळे भारतीय वंशाचे, कांडल्याहून शिनासला चाललेले. आयएनएस तबरने निम्म्यांना उतरवून घेतलं, आणि नौदलाचे १३ जण आणि जहाजावरचे पाच जण खांद्याला खांदा लावून लढले. सुप्रियाताई, आईंना हे जरूर वाचून दाखवा.

पण दुसरी बाजूही ऐका. एक्स-प्रेस पर्ल, २०२१. नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर गळत होता, कतारच्या हमाद बंदराने उतरवून घ्यायला नकार दिला, आपल्या गुजरातच्या हजिरा बंदराने नकार दिला, मग कोलंबोबाहेर २० मे ला आग लागली. तेव्हाही आपली वैभव, वज्र आणि समुद्र प्रहरी धावली. २५ च्या २५ माणसं वाचली, पण जहाज शेवटी बुडालं आणि प्लास्टिकच्या दाण्यांनी श्रीलंकेचे किनारे भरले, तिथल्या मच्छीमारांचं पोट गेलं. विझवायला शेजारी येतात, आसरा द्यायला बंदर मिळत नाही. वान हायचंही तेच, भर पावसाळ्यात, वारा किनाऱ्याकडे, नौदलाच्या हेलिकॉप्टरने सॅल्व्हेजची माणसं त्या पेटत्या डेकवर उतरवली तेव्हा कुठे दोर बांधून ओढता आलं, आग मधेच पुन्हा उफाळायची, आणि पुढे कित्येक आठवडे ते जहाज खोल समुद्रातच, सप्टेंबर उजाडल्यावर दुबईच्या जेबेल अली बंदरात जागा मिळाली. गळका कंटेनर वेळेत उतरवून घेतला असता तर एक्स-प्रेस पर्लच्या आगीशी लढायची वेळच आली नसती, असं माझं स्पष्ट मत.

अग्निशमन_नाना
बंदराच्या बाजूने बोलतो, आयुष्य फायर सर्व्हिसमध्ये गेलं. बंदरं का घाबरतात ते मुंबईला सांगायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र. आग विझवायला गेलेले आमच्या दलाचे ६६ जवान गेले, दरवर्षी १४ एप्रिलपासूनचा अग्निसुरक्षा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ. पेटतं जहाज धक्क्याला घेतो म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे हेच असतं, त्याला नुसतं भित्रा म्हणू नका.
आणि शहरातला अग्निशामक जहाजावर नेला की पहिली चूक पाण्याची होते. आमचा हात सवयीने पाणी मारत राहतो. इमारतीत ते जिन्याने वाहून जातं, जहाजात ते साठतं आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर हलायला लागतं. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला नॉर्मंडी नावाचं प्रचंड जहाज आगीने नाही, विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याने आडवं झालं. २००६ मध्ये लाल समुद्रात अल सलाम बोक्काचियो ९८ या फेरीवर गाड्यांच्या डेकवर आग विझवायचं पाणी तुंबलं, फेरी उलटली, हजाराच्या आसपास माणसं बुडाली. म्हणून मंदारराव म्हणतात ते वेगळं ट्रेनिंग पाहिजेच, हे मान्य.
पण ते पथक इकडे जसंच्या तसं आणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उत्तर समुद्र केवढा, आपला केवढा! माएर्स्क होनम लक्षद्वीपच्या पलीकडे शेकडो मैलांवर होतं, तिथे सामानासकट सहा जण घेऊन कुठलं हेलिकॉप्टर जाऊन परत येणार? तिथे तटरक्षक दलाचं 'शूर' नावाचं जहाज गेलं, तेच शक्य होतं. पैसा असेल तर तो अशा जहाजांवर मोठे मॉनिटर, म्हणजे लांबवर पाणी फेकणाऱ्या तोफा, बसवण्यात आणि त्यांच्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये घाला.

माजी_तटरक्षक
नाना, खोल समुद्राबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. पण सगळ्या आगी तिथे लागत नाहीत ना. माएर्स्क फ्रँकफर्ट, १९ जुलै २०२४, मुंद्र्याहून कोलंबोला जाताना, कारवारपासून साधारण पन्नास सागरी मैल, म्हणजे गोव्याच्या दारात. वान हाय केरळच्या किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतच. दोन्ही हेलिकॉप्टरच्या टप्प्यात. आणि बाहेरून मारलेलं पाणी होल्डमधल्या, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यातल्या, कंटेनरपर्यंत पोचत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या काही तासांत आग कुठल्या होल्डमध्ये आहे, शेजारी कुठला धोकादायक माल आहे, सीओटू कामाचा आहे का, हे बघायला जाणकार सहा जण उतरले तर पुढचे सहा आठवडे वाचू शकतात. मुंबई, गोवा, कोची, एवढ्या तीन ठिकाणी सुरुवात करा. मालदीवबरोबर तटरक्षक दलाचा दोस्ती सराव तर १९९१ पासून चालू आहे, २०१२ पासून श्रीलंकाही त्यात आहे, त्यात हा विषय घेता येईल.

अग्निशमन_नाना
तीन ठिकाणी, आणि तटरक्षक दलाच्या हाताखाली, असं असेल तर माझी ना नाही. जवान आमच्या दलातून घ्या, पोरं तयार होतील. फक्त आधी त्यांचा विमा आणि परक्या हद्दीत गेल्यावरचे नियम कागदावर आणा, नाहीतर शहीद झाल्यावर बायको-मुलं दोन खात्यांच्या मधे हेलपाटे घालत बसतात.

निलिमा_अलिबाग
सुप्रिया, माझे मिस्टर सेकंड इंजिनियर आहेत, मी घरच्या बाजूचं सांगते कारण ते कुणी सांगत नाही. बातमी टीव्हीवर आधी येते आणि कंपनीचा फोन नंतर, तेवढा मधला वेळ जीव जातो. म्हणून आत्ताच भावाकडून जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), झेंडा, आणि कंपनीच्या डीपीएचा नंबर मागून घे, डीपीए म्हणजे किनाऱ्यावरचा जबाबदार माणूस, त्याचं नाव-नंबर बोटीवर सगळ्यांना माहीत असतं. ज्या एजन्सीने पाठवलंय तिचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, करारावर असतो, त्याचा फोटो काढून ठेव. मुंबईला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याचं, चोवीस तास चालणारं कम्युनिकेशन सेंटर आहे, तिथे घरच्यांना फोन करता येतो, तोही नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून दे. आणि भावाने करारात नॉमिनी कुणाला केलंय ते विचार, पोरं हे टाळतात.

सुप्रिया_गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्लिन लुआंडा आणि तबरचं आईला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. भावाला आज लांबलचक मेसेज केलाय, नंबर मागितलेत आणि सीओटू रूम आणि फायर प्लॅन कुठे आहे तेही विचारलंय. त्याचं उत्तर आलं, पुढचं ड्रिल शनिवारी आहे आणि फायर टीम दोनमध्ये त्याचंच नाव आहे म्हणे. निलिमाताई, नॉमिनीचं त्याने केलेलं नाही, उद्या एजन्सीला फोन करते.